व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर घ्यायचाय, पण सांगलीत ऐकून बघायचा कुठे?

हळदीचा दिवाणजी · शुक्रवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो. दिवसभर कानावर सौद्यांचा गलका असतो, म्हणून रात्री नऊ ते अकरा फक्त गाणं. ख्याल, ठुमरी, जुनं नाट्यसंगीत. सध्या ५० वॅटचा साधा ट्रान्झिस्टरचा ॲम्प आहे, बारा वर्षं झाली, कुरकुर नाही. सोबत दोन बुकशेल्फ स्पीकर. पाठीवर ८५ डेसिबल, ८ ओहम असं लिहिलंय. खोली १२ बाय १४, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट, खाली सतरंजी.

गेल्या महिन्यात लग्नाला पुण्याला गेलो होतो. तिथं मेव्हण्यांच्या मित्राकडे व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा, ॲम्प ऐकला. तंबोरा सुरू झाला आणि माझा चहा हातातच गार झाला. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. बजेट ऐंशी हजार, ताणून लाख. सौ.ना ऐंशीच सांगितलेत.

आता ईएल-३४, केटी-८८, ३००-बी ही व्हॉल्व्हची नावं वाचून डोकं गरगरतंय. आणि सांगलीत असली वस्तू ऐकून बघायला दुकान नाही. न ऐकता घ्यायला जीव धजत नाही. काय करावं?

कर्णा · शुक्रवार, रात्री ९.५२

पहिला! थंडीत खोली गरम होते, हा फायदा कोणी सांगत नाही.

(मे महिन्यात सांगलीत काय होतं ते दिवाणजींनी स्वतः अनुभवावं.)

नाइलाजाने पुणेकर · शुक्रवार, रात्री १०.१५

दिवाणजी, पुण्यात येऊन ऐका, पण एक धोका आधीच सांगतो. दुकानात तुम्ही ॲम्प ऐकत नाही, ॲम्प, स्पीकर आणि ती खोली असं तिन्ही मिळून ऐकता. स्पीकर बहुतेक वेळा ॲम्पच्या चौपट किमतीचे लावलेले असतात. ऐकून पागल व्हाल, घरी आणून कपाळाला हात लावाल. माझं तेच झालं. त्यामुळे तुमचे स्पीकर गाडीत टाकूनच या. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे.

मल्टिमीटर · शुक्रवार, रात्री १०.४८

आधी हिशेब करू, तुमचं क्षेत्रच आहे.

८५ डेसिबल म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८५ डेसिबल आवाज. तुम्ही बसता तिथं, म्हणजे नऊएक फुटांवर, दोन स्पीकर आणि खोलीचे परावर्तन धरून चारेक डेसिबल कमी पकडा. घरात निवांत ऐकताना सरासरी ७५ डेसिबल पुरतात. त्याला तुमच्या स्पीकरला प्रत्येकी पाव वॅट लागेल. हो, पाव वॅट. पण गाणं सरासरीवर चालत नाही. तबल्याची थाप किंवा तार षड्जाची फेक सरासरीच्या वर १५ डेसिबल सहज जाते, आणि १५ डेसिबल म्हणजे सुमारे ३२ पट ताकद. पाव गुणिले ३२, झाले ८ वॅट.

आता व्हॉल्व्हकडे बघा. एकच ईएल-८४ असलेला सिंगल एंडेड ॲम्प जेमतेम ५ वॅट देतो. ३००-बी सिंगल एंडेड ८ च्या आसपास. ईएल-८४ ची जोडी पुश-पुलमधे (एक ढकलतो, दुसरा ओढतो) १५ पर्यंत, ईएल-३४ ची जोडी ३५ पर्यंत. म्हणजे पहिला तुम्हाला पुरणार नाही, दुसरा अगदी काठावर, तिसरा पुरेसा, चौथा निवांत.

उलट बाजूनंही बघा. स्पीकर ८५ चे ९१ झाले तर ८ वॅटचं काम २ वॅटमधे होतं. ॲम्पवर लाख घालण्याआधी हा विचार करा. आणि स्पीकरच्या कागदावर १ वॅट लिहिलंय की २.८३ व्होल्ट तेही बघा. ८ ओहमला दोन्ही एकच, पण ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात. कंपन्या तिथं ३ डेसिबल फुकटात खिशात घालतात.

माझं मत विचाराल तर आहे तोच ॲम्प ठेवा. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्पची विकृती, म्हणजे मुळात नसलेलं जे ॲम्प पदरचं मिसळतो ते, आज शेकडा ०.०१ च्याही खाली असते. ३००-बी पूर्ण ताकदीवर दोन-तीन टक्के सहज दाखवतो. गोडवा म्हणतात तो हाच.

तरफ · शुक्रवार, रात्री ११.३०

मी मिरजेचा, सतारमेकर गल्लीजवळ राहतो. मल्टिमीटररावांचा हिशेब बरोबर आहे, शेवटच्या दोन वाक्यांवर मात्र थोडं बोलायचंय.

विकृती किती टक्के हे जितकं महत्त्वाचं तितकंच ती कसली हेही महत्त्वाचं. समजा गायकाचा षड्ज काळी एक, म्हणजे साधारण १३९ हर्ट्झ. ॲम्पनं त्याची दुप्पट मिसळली तर २७७, म्हणजे तार षड्ज. तिप्पट मिसळली तर ४१६, म्हणजे त्याच्या वरचा पंचम. पाचपट केली की ६९३, तो गांधार. तंबोरा नीट लागला की जो स्वयंभू गांधार ऐकू येतो म्हणतात तो हाच पाचवा. सातवा मात्र कोमल निषादाच्या किंचित खाली लोंबकळतो, कुठल्याच घरचा नाही. सिंगल एंडेड व्हॉल्व्ह ॲम्प मिसळतो तो मुख्यतः दुसरा, म्हणजे सुराचाच वरचा भाऊ. म्हणून कानाला खुपत नाही, उलट भरल्यासारखं वाटतं. जुन्या वाईट ट्रान्झिस्टर ॲम्पमधे वरचे विषम हार्मॉनिक, म्हणजे सातपट, नऊपट असले सूर, यायचे, ते टोचायचे. पूर्वी लोकांनी व्हॉल्व्हची बाजू घेतली त्याचं अर्धं कारण हे.

माझ्याकडे ३००-बी आहे, ९४ डेसिबलच्या स्पीकरवर. दिवाणजी, सांगली-मिरज कितीसं लांब आहे? रविवारी या. येताना तुमचे स्पीकर आणा आणि नेहमी ऐकता ते गाणं आणा, दुसरं काही नको.

मल्टिमीटर · शनिवार, सकाळी ७.०५

मिरजेच्या माणसाशी तंबोऱ्यावरून वाद घालणं म्हणजे पंढरपुरात जाऊन चुरमुरे विकण्यासारखं आहे, तरी बोलतो.

तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणकार, कारागिरानं घोडीवर कानस मारून, दोरा सरकवून लावलेली असते. गायकानं ती पसंत केलेली असते. माझ्या घरातल्या पेटीनं तिला आणखी एकदा जवारी लावायचं कारण काय? मला त्या कारागिराचं काम ऐकायचंय, ॲम्प बांधणाऱ्याचं नाही.

तरफ · शनिवार, सकाळी ९.२०

हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. फक्त एवढंच म्हणेन की खाँसाहेब अब्दुल करीम खाँची १९३० च्या दशकातली रेकॉर्ड ऐकतो तेव्हा माइकपासून कापणाऱ्या सुईपर्यंत मधे व्हॉल्व्हच होते. कारागिराच्या आणि आपल्या मधे एक पेटी आधीच बसलेली आहे.

कर्णा · शनिवार, सकाळी ९.३१

दोघांनी चहा प्या.

सोल्डरवाला कुपवाड · शनिवार, दुपारी १.१०

राव, मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. फावल्या वेळात ईएल-८४ पुश-पुल बांधलाय, दोन्ही चॅनेल, चॅनेलला १२-१३ वॅट. दिवाणजी माझ्याकडंबी या, लांब न्हाई.

नवीन बांधणाऱ्यांसाठी माझी एक फजिती सांगतो. पहिल्या वेळी आउटपुट ट्रान्सफॉर्मर मोटार वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतला. माणूस हुशार, दहा एचपीची मोटार डोळे झाकून भरतो. त्यानं काय केलं, आधी सगळी प्रायमरी (व्हॉल्व्हकडची तार), वर सगळी सेकंडरी (स्पीकरकडची). लावला तर लताबाईंनी रजई पांघरून गायल्यावानी आवाज. वरचा सगळा भाग गायब. प्रायमरी आणि सेकंडरी थरावर थर आलटून पालटून गुंडाळायला लागतात, न्हाईतर वरच्या फ्रीक्वेन्सी आतल्या आत गळतात. दोष त्याचा न्हाई, मीच सांगितलं नव्हतं. सिंगल एंडेडचा असेल तर कोअरमधे कागदाएवढी फट पण ठेवावी लागती, कारण त्यातनं एकाच बाजूला डीसी वाहतो आणि कोअर तुंबतो. पुश-पुलमधे दोन व्हॉल्व्हचा डीसी एकमेकाला काटतो म्हणून तिथं लोखंड कमी लागतं आणि तेवढ्याच पैशात जास्त मिळतं.

व्हॉल्व्ह ॲम्पची निम्मी किंमत ट्रान्सफॉर्मरची असती. उचलून बघा. हलका लागला तर समजायचं कुठं वाचवलंय.

अजिंक्यतारा · शनिवार, रात्री ८.००

साताऱ्याहून. मोती चौकाजवळ माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आता डोळे साथ देत नाहीत. व्हॉल्व्हच्या रेडिओवर हात बसला, म्हणून दोन शब्द.

या सगळ्या मंडळींनी आवाजाचं सांगितलं, जीव जाऊ शकतो हे कोणी सांगितलं नाही. ईएल-८४ च्या ॲम्पमधे ३०० व्होल्ट डीसी असतो, ईएल-३४ आणि केटी-८८ मधे ४०० च्या पुढे. स्विच बंद करून प्लग काढला तरी फिल्टर कंडेन्सर भरलेला राहतो. त्याला समांतर, तो हळूहळू रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर लावलेला नसेल तर दुसऱ्या दिवशीसुद्धा झटका बसेल. आमच्या उस्तादांचा नियम होता, चालू सेटमधे हात घालायचा तर दुसरा हात खिशात. म्हणजे एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हाताकडे रस्ताच मिळत नाही. घरात नातवंडं असतील तर व्हॉल्व्हवर जाळी असलेलाच ॲम्प घ्या, काच चांगलीच भाजते.

दुसरं, स्पीकर न जोडता चालू करून आवाज वाढवू नका. ट्रान्झिस्टरला शॉर्ट चालत नाही, व्हॉल्व्हला उघडं चालत नाही. ट्रान्सफॉर्मरमधे दाब चढून वाइंडिंग फुटतं.

तिसरं व्होल्टेजचं. आमच्या भागात रात्री अकरानंतर २५० दाखवतं. बाहेरून मागवलेला ॲम्प पुष्कळदा २२० ला गुंडाळलेला असतो. त्याला २५० दिले की हीटर ६.३ ऐवजी ७.२ व्होल्टवर जळतो आणि प्लेटचा, म्हणजे आतल्या धातूच्या पत्र्याचा, दाबही त्याच मापानं वाढतो. व्हॉल्व्ह लवकर म्हातारा होतो, बाकी काही नाही. ट्रान्सफॉर्मरला २४० चा टॅप आहे का एवढं विचारा.

जुने व्हॉल्व्ह घेताना काचेच्या टोकाशी चांदीसारखा डाग असतो तो बघा. दुधी पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, तो मेला. चालू असताना काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरू नका. प्लेट लाल झाली तर मात्र धावत जाऊन बंद करा.

भडंगवाली · शनिवार, रात्री ८.४५

अजिंक्यतारा काका, किती छान सांगितलंत. मी गावभागातली. आमच्या माळ्यावर बाबांनी हातानं बांधलेला एक ॲम्प आहे. २०१९ च्या ऑगस्टमधे पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा खालचं सगळं गेलं, तो माळ्यावर होता म्हणून वाचला. बाबा गेले त्याला पंधरा वर्षं होतील, तेव्हापासून चालू केलेला नाही. पाच व्हॉल्व्ह आहेत. दोन सारखे, त्यावर ईएल-८४ लिहिलंय. एकावर ईएफ-८६, एकावर ईसीसी-८३, एकावर ईझेड-८१. सरळ प्लगला लावून बघू का?

अजिंक्यतारा · शनिवार, रात्री ८.४९

लावू नका!

अजिंक्यतारा · शनिवार, रात्री ९.१५

ओरडलो त्याबद्दल माफ करा ताई. तुमच्या बाबांनी मुलार्डचा पाच-दहा बांधलाय. पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट, म्हणून ते नाव. १९५० च्या दशकात मुलार्ड कंपनीनं तो नकाशा छापला आणि जगभर हौशी लोकांनी बांधला. नावं वाचूनच मला त्याची वायरिंग दिसायला लागली. फार शहाण्या माणसाचं काम आहे. जपून ठेवा.

इतकी वर्षं पडून राहिलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर एकदम दाब सोसत नाहीत, फुटतात. जुने कागदी कंडेन्सर गळतात आणि ईएल-८४ च्या ग्रिडला चुकीचा दाब देऊन त्यालाही मारतात. दोन्ही बदलून घ्यायचे. मग सिरीज बोर्डवर चढवायचा, म्हणजे मधे ६० चा जुना पिवळा बल्ब. बल्ब क्षणभर भकाभक लागून मंद झाला तर ठीक. तसाच लागून राहिला तर आत शॉर्ट आहे. कुपवाडचे दादा जवळ आहेत, त्यांच्याकडून करून घ्या, फोनवर मी आहे.

सोल्डरवाला कुपवाड · शनिवार, रात्री ९.२२

ताई, कधीपण आणा. पैशाचं नाव काढू नका, मुलार्ड हाताळायला मिळतोय.

हळदीचा दिवाणजी · सोमवार, रात्री १०.०५

धागा काढला मी आणि ज्ञान मिळालं सगळ्या जिल्ह्याला, छान झालं. आता वृत्तांत.

शनिवारी कामासाठी पुण्यात होतो तेव्हा एका दुकानात गेलो. ईएल-३४ पुश-पुल, एसी खोली, माणसाच्या छातीएवढे स्पीकर. विक्रेत्यानं एका परदेशी बाईंचं संथ गाणं लावलं. अप्रतिम वाटलं. म्हटलं तंबोरा लावू का, माझ्या पेन ड्राइव्हवर आहे. तो म्हणाला, सर आधी हे ऐका. तीन गाणी त्याचीच झाली. दर वेळी ॲम्प बदलताना नॉब जरासा जास्त फिरवत होता आणि महागडा ॲम्प दर वेळी जास्त छान वाटत होता. मार्केट यार्डात वीस वर्षं काट्याकडे बघत काढलीत, त्यामुळे हात कुठं जातो ते कळतं.

काल मिरजेला तरफांकडे. दोन तास कसे गेले कळलं नाही. त्यांच्या स्पीकरवर ३००-बी म्हणजे काय सांगू. गायक सुरू व्हायच्या आधीचा तंबोरा, चार तारा वेगवेगळ्या आणि तरी एक. खाँसाहेबांची झिंझोटी लावली, खिडकीतून दर्ग्याकडची वाट दिसत होती. १९३७ साली गेलेला माणूस त्याच गावात विसावलाय आणि इथं गातोय. मी काही बोललो नाही, तरफही बोलले नाहीत.

मग माझे स्पीकर जोडले. तंबोरा तसाच गोड. गळा तर आणखी जवळ आला. पण द्रुत सुरू झाली आणि डग्ग्याचा घुमारा फुगला, थापेचा कड गेला. आवाज थोडा वाढवला तर तार सप्तकात गायक एकदम लहान झाला, दाराआड गेल्यासारखा.

मल्टिमीटर · सोमवार, रात्री १०.४०

दाराआड गेला कारण ८ वॅट संपले. व्हॉल्व्ह कापतो तेव्हा ट्रान्झिस्टरसारखा कडकड करत नाही, हळूच दबतो, म्हणून लोकांना कळतच नाही की ताकद संपली.

डग्ग्याचं कारण वेगळं. फीडबॅक (बाहेर पडलेला सिग्नल आत परत आणून चूक दुरुस्त करायची सोय) नसलेल्या सिंगल एंडेड ॲम्पचा आतला रोध दोनेक ओहम असतो. तुमचा ८ ओहमचा स्पीकर सगळीकडे ८ नसतो, कुठं ४ वर उतरतो, खालच्या बाजूला कुठं २० वर चढतो. २ ओहमच्या मागे ४ आला तर साडेतीन डेसिबल गळतात, २० आला तर एकच्या आतच. म्हणजे जवळजवळ पावणेतीन डेसिबलचा चढउतार, जो रेकॉर्डिंगमधे नाही. हा ॲम्पचा गुण नाही आणि दोषही नाही, हे त्या जोडीचं भांडण आहे. त्यात स्पीकरच्या पडद्याला आवर घालणारं कोणी उरत नाही, मग डग्गा घुमतच राहतो. तरफांच्या स्पीकरचा रोध बहुधा सपाट असेल.

तरफ · सोमवार, रात्री ११.०२

आहे सपाट. तो बघूनच घेतले होते. ३००-बी आधी आला नाही, स्पीकर आधी आले.

सोल्डरवाला कुपवाड · मंगळवार, रात्री ९.३०

मग बुधवारी माझ्याकडं. मल्टिमीटरदादा, तुमी पण या, तुमच्या नावाचं यंत्र घेऊन.

मल्टिमीटर · गुरुवार, रात्री ९.१५

काल कुपवाडला आम्ही चौघं जमलो. दिवाणजींचे स्पीकर, दिवाणजींचा जुना ॲम्प आणि सोल्डरवाल्यांचा ईएल-८४. मी अट घातली की आधी आवाज समान करायचा. ४०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांना एसी व्होल्टेज मोजलं, दोन्ही ॲम्पला २.०० व्होल्टवर आणलं. एक २.०० आणि दुसरा २.०५ असला तरी ०.२ डेसिबलचा फरक पडतो, आणि तेवढ्यावर कान म्हणतो की दुसऱ्यात जास्त जीव आहे. पुण्यातल्या विक्रेत्याचा नॉब आठवा.

मग मधे चादर टांगली. मी मागे बसून नाणं उडवून ॲम्प बदलत होतो. व्हॉल्व्ह ॲम्प मोकळा राहू नये म्हणून ऐकत नसताना त्याला ८ ओहमचा जाड रेझिस्टर जोडून ठेवला होता, अजिंक्यतारा काकांना सांगतो. प्रत्येकी बारा वेळा. दिवाणजींनी सात बरोबर ओळखले, तरफांनी सहा, सोल्डरवाल्यांनी स्वतःचा ॲम्प बारापैकी पाच वेळा ओळखला.

म्हणजे नाणं उडवल्यासारखंच.

सोल्डरवाला कुपवाड · गुरुवार, रात्री ९.२८

हे इथं सांगायचं ठरलं नव्हतं.

कर्णा · गुरुवार, रात्री ९.३०

चादर कुणाची होती? चादरीनं वरच्या फ्रीक्वेन्सी खाल्ल्या असतील. सोलापुरी असेल तर खालच्यापण.

तरफ · गुरुवार, रात्री १०.१०

मी सहावर आलो हे मान्य. आठवडाभर त्यावर विचार करणार आहे. सोल्डरवाल्यांचा ॲम्प फीडबॅकचा आहे, त्याचा आतला रोध कमी आहे, ट्रान्सफॉर्मर नीट आहे. चांगला बांधलेला पुश-पुल ताकदीच्या आत वापरला की तो ट्रान्झिस्टरसारखाच निमूट वागतो, हे पुस्तकात वाचलं होतं, कानाला पहिल्यांदा पटलं. माझा ३००-बी चादरीमागून ओळखता येईल अशी माझी पैज आहे. तो स्वतःचं काहीतरी बोलतो. मला ते आवडतं, एवढंच.

नाइलाजाने पुणेकर · गुरुवार, रात्री १०.३५

मग दिवाणजी, ठरलं ना? आहे तोच ॲम्प, आणि पैसे स्पीकरवर?

हळदीचा दिवाणजी · शनिवार, रात्री ९.५०

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं.

मल्टिमीटररावांचं सगळं पटलंय. ९० च्या वरचे, रोध सपाट असलेले स्पीकर बघायला सुरुवात केली आहे, बजेटातले साठ तिकडे जातील. तरफांनी सांगितल्याप्रमाणे ऐकायला जाताना माझी तीनच गाणी नेतो. एक नुसता तंबोरा, शांततेत घुं आहे का आणि तारांचा शेवट कुठवर ऐकू येतो ते कळायला. एक डग्ग्यासाठी. आणि एक हार्मोनियमवाली नाट्यपदाची, पट्ट्या एकमेकीत गुंतून गोंगाट होतो का ते कळतं.

पण खरं सांगू? सोल्डरवाल्यांना त्यांचा ईएल-८४ मलाच द्या म्हणून मी काल सांगितलं. ओळखता आला नाही, तरी घेतोय. बारापैकी सात हे मला पाठ आहे, कोणी आठवण करून द्यायची गरज नाही. रात्री नऊला स्विच लावायचा, मिनिटभर काही होत नाही, मग ती नारंगी वात दिसायला लागते. लहानपणी आजोबांच्या रेडिओवर सांगली केंद्र लागायला असाच वेळ लागायचा, तेवढ्यात सगळे गप्प बसायचे. जुना ॲम्प बटण दाबलं की लगेच बोलतो. त्यामुळे मीही बोलत राहतो, फोन बघत राहतो. हा आवाजाचा मुद्दा नाही हे मला ठाऊक आहे.

खर्चाचं म्हणाल तर शंभरएक वॅट खातो, रोज दोन तास म्हणजे पाच दिवसांना एक युनिट. ईएल-८४ ची चौकडी काही हजार तास टिकते असं म्हणतात, माझ्या दोन तासांनी वर्षाला सातशे-साडेसातशे होतात. हिशेब बसतो.

सौ.नी विचारलं, जुन्यात आणि यात फरक काय. म्हटलं, काही नाही. म्हणाल्या, मग ठीक आहे.

मल्टिमीटर · शनिवार, रात्री १०.२०

तुम्ही आवाजाच्या नावाखाली घेतला असता तर भांडलो असतो. आता काही बोलायला जागाच ठेवली नाहीत. ब्लीडर रेझिस्टर आहे ना बघून घ्या. मे महिन्यात कपाटात कोंडू नका, वर वीतभर जागा मोकळी ठेवा.

सोल्डरवाला कुपवाड · शनिवार, रात्री १०.२६

ब्लीडर हाय. जाळी पण करून देतो. मला आता दुसरा बांधायला निमित्त.

भडंगवाली · रविवार, सायंकाळी ६.४०

दिवाणजींच्या धाग्यावर माझी भर. आत्ता कुपवाडलाच आहे. काकांनी सांगितलेले सगळे कंडेन्सर दादांनी बदलले. उघडल्यावर आत एका कोपऱ्यात पेन्सिलनं तारीख आणि आईचं नाव लिहिलेलं सापडलं, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ॲम्प एकच आहे, म्हणजे एकच स्पीकर वाजेल, पण तरफ म्हणाले जुनी रेकॉर्ड सगळी एकाच चॅनेलची, दुसरा लागतो कशाला.

काका, ऑनलाइन आहात का? सिरीज बोर्डवर लावला. बल्ब एकदम लागला.

अजिंक्यतारा · रविवार, सायंकाळी ६.४१

आहे. मग?

भडंगवाली · रविवार, सायंकाळी ६.४२

मंद झाला. पाचही व्हॉल्व्हच्या वाती हळूहळू लाल होतायत. दादा म्हणतात आता आत एका ठिकाणी व्होल्टेज मोजायचंय आणि ते मी मोजावं.

अजिंक्यतारा · रविवार, सायंकाळी ६.४२

काळी क्लिप चासीला लावून ठेवा. आता डावा हात खिशात घाला.

भडंगवाली · रविवार, सायंकाळी ६.४३

ड्रेसला खिसा नाही काका. पाठीमागे धरलाय.